शिक्षकाचे शिकणे : बडोद्यातील शिक्षणशास्त्राच्या अध्ययनाची वाटचाल

बडोद्याचा गौरव करताना 'विद्यानगरी', 'संस्कारनगरी' ही विशेषणे आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांमागे कोणते श्रम उभे आहेत याचा विचार करण्याचे भान बहुधा राहत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण सुरू केले, ग्रंथालये उघडली, शिष्यवृत्त्या दिल्या हे सर्वश्रुत आहे आणि त्याविषयी विपुल लेखनही झाले आहे. परंतु या साऱ्या उद्योगाच्या पोटातून आणखी एक प्रश्न निर्माण झाला होता. शिकविणाऱ्याला कोण शिकविणार? आणि शिकविण्याची क्रिया हाच ज्याच्या अभ्यासाचा विषय आहे असा विद्यार्थी कोठे घडणार? आज ज्याला आपण शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन म्हणतो, म्हणजे एम.एड. किंवा शिक्षणशास्त्र विषय घेऊन केलेले एम.ए., ते या प्रश्नाचे उत्तर होय. हे उत्तर बडोद्यात कसकसे आकाराला आले आणि त्यात आपल्या मराठी भाषकांचा वाटा काय, याचा मागोवा ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने घ्यावा असे वाटले.

प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक आहे. त्यामुळे विषयात शिरताना प्रथम शब्दाकडे लक्ष जाते. संस्कृतातील 'शिक्ष्' या धातूचा मूळ अर्थ 'शिकणे, विद्या मिळविणे' असा आहे. 'शिकविणे' हा अर्थ त्यापासून प्रयोजकाने येतो. मराठीतही 'शिकणे' आणि 'शिकविणे' ही एकाच मुळाची क्रियापदे. तेव्हा 'शिक्षक' या शब्दातच शिकणारा माणूस दडलेला आहे. पूर्वीच्या गावठी शाळेतील पंतोजींना उजळणी, पाढे आणि अक्षर यांपलीकडे काही शिकण्याची गरज भासत नसे. मुले जमली आणि शिधा मिळाला की शाळा चाले. परंतु राज्याने प्रत्येक मुलाला शाळेत बसविण्याचे ठरविले, तेव्हा हा पंतोजी अपुरा पडला. येथूनच आपल्या कथेला सुरुवात होते.

१८७५ मध्ये कवळाणे गावचा एक शेतकरी कुटुंबातील मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे हाती घेईपर्यंतची सहा वर्षे त्याने अक्षरशः विद्यार्थी म्हणून काढली. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून आरंभ करून राज्यकारभाराच्या अभ्यासापर्यंत पोहोचलेल्या या तरुण राजाला शिक्षकाची किंमत पुस्तकातून नव्हे, अनुभवातून कळली होती. पुढील आयुष्यात त्यांनी शिक्षणावर जो भर दिला, त्याचे एक कारण येथे सापडते.

याच सुमारास, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, ही त्यांतील मागणी सर्वांना परिचित आहे. मात्र त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकांविषयीही आग्रहाने लिहिले होते. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, म्हणजे गावातील मुलांत त्यांना मिसळता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. सक्तीचा प्रश्न आणि शिक्षकाचा प्रश्न हे एकच आहेत, हे जोतीरावांनी ओळखले होते. ब्रिटिश सरकारने सक्तीची सूचना स्वीकारली नाही. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम एका संस्थानाच्या वाट्यास आले.

१८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. या अनुभवाच्या आधारावर १९०६ मध्ये संपूर्ण राज्याला कायदा लागू करण्यात आला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. खुद्द इंग्लंडमध्ये शाळेतील हजेरी सक्तीची झाली ती १८८० मध्ये, आणि प्राथमिक शिक्षण सामान्यतः मोफत झाले ते १८९१ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते. नामदार गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणि १९११ मध्ये विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. हिंदुस्थानात सक्ती चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांना ती चालू असलेले राज्य दाखविता येत होते. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक फेटाळले गेले. स्वतंत्र भारतात सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमरेलीच्या प्रयोगापासून ११७ वर्षांनी.

कायद्याने मूल शाळेत येते. शिक्षक मात्र कायद्याने येत नाही. सक्तीच्या शिक्षणाबरोबर बडोदे राज्याला ही अडचण लगेच जाणवू लागली. वर्गात आता केवळ आवडीने आलेली मुले नव्हती. शेतातून, गुरांमागून, हातमागावरून ओढून आणलेली मुले होती. त्यांना बसविणे निराळे आणि शिकविणे निराळे. अंत्यजांसाठी उघडलेल्या शाळांत तर प्रश्न अधिकच बिकट होता, कारण तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होत नसत. मुसलमान शिक्षकांवर आणि पुढे आर्यसमाजी कार्यकर्त्यांवर हे काम सोपवावे लागले. १९०८ मध्ये पंडित आत्माराम अमृतसरी यांना बडोद्यात बोलावून अंत्यज शाळांचे व वसतिगृहांचे काम त्यांच्याकडे देण्यात आले, ते याच निकडीतून. शिक्षकाच्या प्रशिक्षणात पाटी-खडूच्या तंत्राबरोबर समाजाकडे पाहण्याची दृष्टीही यावी लागते, हा धडा बडोद्याला शिक्षणशास्त्राची पाठ्यपुस्तके येण्यापूर्वीच मिळाला होता.

राज्याने पुरुष व स्त्री शिक्षकांसाठी प्रशिक्षणाच्या संस्था काढल्या. त्यांतून 'ट्रेंड मास्तर' आणि 'ट्रेंड बाई' तयार होऊ लागल्या. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांच्या शाळा राज्यात होत्या. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रविद्या देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला होता. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या कोशात राज्यकारभाराच्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी व बंगाली पर्याय देण्यात आले. ज्या राज्यात कारभाराच्या शब्दांसाठी इतके कष्ट घेतले जात होते, तेथे ज्ञान आणि भाषा यांचा संबंध तुटलेला नव्हता. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळचा वाटावा असा एक दुवा येथे नोंदविला पाहिजे. शाळेत मिळालेले अक्षरज्ञान शाळा सुटल्यावर वाचनाअभावी पुसून जाते, ही सक्तीच्या शिक्षणाची दुखरी बाजू महाराजांच्या ध्यानात आली होती. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आल्यानंतर १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास आणले. गावाने जेवढी रक्कम उभारावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच राज्याने घालावी, अशी योजना आखली गेली. ज्या गावी ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठविणारी फिरती ग्रंथालये निघाली. १९११ मध्ये बॉर्डन यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही सुरू केला. गुजराती भागात मोतीभाई अमीन यांनी ही चळवळ खेडोपाडी नेली, आणि बॉर्डन यांच्यानंतर ग्रंथालय खात्याची धुरा सांभाळणारे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ मध्ये या चळवळीचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला. शाळा, प्रशिक्षण आणि ग्रंथालय ही एका विचाराची तीन अंगे होती. त्यांना वेगवेगळे करून पाहण्याची सवय आपल्याला नंतर लागली.

शिष्यवृत्तीवर परदेशी पाठविण्याची बडोद्याची परंपराही याच विचारातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले. त्यांचा विषय अर्थशास्त्र होता. परंतु तेथेच त्यांना जॉन ड्युई यांचे अध्यापन लाभले. १९१६ मध्ये ज्यांचा लोकशाही आणि शिक्षण यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, ते हेच ड्युई. शिक्षण म्हणजे जगण्याची तयारी नव्हे, ते जगणेच होय, आणि लोकशाही ही प्रथम शाळेत अनुभवावी लागते, हा त्यांचा विचार जगभरच्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आजही शिकविला जातो. करारानुसार १९१७ मध्ये नोकरीसाठी परतलेल्या आंबेडकरांना याच बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही, हेही येथे लिहिले पाहिजे. राज्याने पदवी मिळवून दिली; समाजाने त्या पदवीधराला दार उघडले नाही. उच्च शिक्षणाने काय साधते आणि काय साधत नाही, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या शहराच्या इतिहासात नाही.

आता विद्यापीठीय शिक्षणशास्त्राकडे वळू. पश्चिम भारतात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे आद्य केंद्र म्हणजे १९०६ मध्ये मुंबईत निघालेले सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज. पदवीधर शिक्षकाने काही काळ नोकरीतून मोकळे व्हावे, अध्यापनाची तत्त्वे शिकावीत, सराव पाठ घ्यावेत आणि परीक्षा द्यावी, अशी ही व्यवस्था. पुढे मुंबई विद्यापीठाची बी.टी. ही पदवी रूढ झाली. त्याच विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. ही पदवी सुरू केली. देशात या पदवीचा आरंभ करणारे ते पहिले विद्यापीठ मानले जाते. शिकविण्याचे कौशल्य एवढ्यापुरता हा विषय मर्यादित नसून त्याला स्वतःचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, इतिहास आणि संशोधनपद्धती आहे, ही गोष्ट या पदवीने मान्य केली.

बडोद्यात १९३५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय स्थापन झाले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होऊन तेव्हा जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. प्राथमिक शाळांतून बाहेर पडलेली पिढी माध्यमिक शाळांकडे वळत होती आणि त्या शाळांना पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक हवे होते. १९३९ च्या फेब्रुवारीत महाराजांचे निधन झाले. बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ असावे हा त्यांचा मनोदय त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. तो त्यांचे नातू श्रीमंत प्रतापसिंहराव यांच्या काळात सिद्धीस गेला. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य संपले आणि विद्यापीठ राहिले.

१९३५ चे प्रशिक्षण महाविद्यालय या विद्यापीठात सामील होऊन त्याची 'शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा' झाली. प्रा. टी. के. एन. मेनन हे तिचे पहिले अधिष्ठाता. विद्यापीठाच्या कुलगुरुपदी श्रीमती हंसाबेन मेहता आल्या आणि १९५८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. सहशिक्षण असलेल्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व मानव' असा शब्दप्रयोग यावा यासाठी त्यांनी धरलेला आग्रह सुप्रसिद्ध आहे. १९६१-६२ मध्ये मुलामुलींच्या अभ्यासक्रमांतील भेदाचा विचार करण्यासाठी नेमलेली समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. या परंपरेचा एक धागा मराठी घरात पोहोचतो. १९२७ च्या जानेवारीत पुण्यास भरलेली पहिली अखिल भारतीय महिला परिषद ही शिक्षणसुधारणेसाठीच होती आणि तिच्या अध्यक्षस्थानी महाराणी चिमणाबाई होत्या. त्याच परिषदेच्या कार्यात हंसाबेन पुढे अग्रभागी होत्या. महाराणींनी ज्या प्रश्नाला व्यासपीठ मिळवून दिले, त्याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा अशी विद्यापीठीय व्यवस्था बडोद्यात हंसाबेनच्या काळात उभी राहिली.

एम.एड.चा विद्यार्थी नेमके काय करतो, हे ग्रंथालयातील सर्वसामान्य वाचकाला सांगणे आवश्यक आहे, कारण 'बी.एड.च्या पुढची परीक्षा' एवढीच त्याची समजूत असते. बी.एड.मध्ये पाठटाचण, सराव पाठ आणि विषयाची अध्यापनपद्धती यांना महत्त्व असते. एम.एड.मध्ये प्रश्न बदलतो. कसे शिकवावे, यापाठोपाठ काय आणि का शिकवावे, मुलाला खरोखर काय आले हे कसे ओळखावे, शाळेचा समाजाशी आणि राज्याशी काय संबंध आहे, असे प्रश्न येतात. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मूल्यमापन आणि संख्याशास्त्र यांचा अभ्यास करावा लागतो. अखेरीस लघुप्रबंध. त्यासाठी विद्यार्थ्याने एक छोटी समस्या निवडायची, शाळाशाळांतून नमुना घ्यायचा, प्रश्नावली वा चाचणी तयार करायची, मिळालेली माहिती तपासायची आणि निष्कर्ष मांडायचे. ज्या शिक्षकाने आयुष्यभर मुलांना गुण दिले, त्याने प्रथमच येथे स्वतःला विचारायचे असते की, मी दिलेल्या गुणांचा अर्थ काय? एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही पदवी थोडी वेगळी. तिला सामान्यतः बी.एड.ची अट नसते आणि शिक्षण हा इतिहासासारखा वा अर्थशास्त्रासारखा ज्ञानविषय मानून तिचा अभ्यास केला जातो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणशास्त्राला स्वतंत्र ज्ञानशाखेचे स्थान मिळावे आणि प्रशिक्षण महाविद्यालयांचा विद्यापीठांपासूनचा तुटलेपणा संपावा, अशी शिफारस केली होती.

या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडील बहिरेवाडीचे. सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा तो आधारग्रंथ ठरला. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन' स्थापन केली. १९७६ मध्ये ती पुण्यास हलली. ग्रामीण शाळा, खर्चाचा हिशेब आणि समाजातील विषमता हे नाईकांच्या विचाराचे नेहमीचे विषय होत. शिक्षणशास्त्र हे केवळ वर्गातील तंत्र नव्हे, याचे भान भारतीय पातळीवर देणाऱ्यांत हा मराठी माणूस आघाडीवर होता.

बडोद्यातील कार्यालाही लवकरच राष्ट्रीय मान्यता मिळाली. १९६३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने येथे शिक्षणशास्त्राचे प्रगत अध्ययन केंद्र स्थापन केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते 'केस' या नावाने ओळखले जाते. या केंद्राचे सर्वांत चिरस्थायी कार्य म्हणजे प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले भारतीय शैक्षणिक संशोधनाचे सर्वेक्षण. देशभरच्या विद्यापीठांत झालेले संशोधनप्रबंध कपाटांत पडून होते. कोणी कोणता प्रश्न हाताळला आणि काय निष्कर्ष काढला, हे दुसऱ्यास कळण्याची सोय नव्हती. तेच तेच विषय पुन्हा निवडले जात. बुच यांनी हे सारे विषयवार लावून, त्यांचे सारांश देऊन एकत्र आणले. १९७९ मध्ये दुसरे सर्वेक्षण बडोद्यातूनच निघाले. पुढील सर्वेक्षणे दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्रसिद्ध केली. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर कोठेही एम.एड.चा विद्यार्थी विषय निवडावयास बसला की मार्गदर्शक त्यास प्रथम 'बुच पाहा' असे सांगत. ज्या शहराने ग्रंथांचे वर्गीकरण करण्याची विद्या देशात आरंभी शिकविली, त्याच शहरातून संशोधनाची ही सूची निघावी, यात एक संगती आहे.

या उजळ बाजूबरोबरच काही प्रश्नही मांडले पाहिजेत. पहिला प्रश्न भाषेचा. शिक्षणशास्त्राचे उच्च अध्ययन बडोद्यात प्रामुख्याने इंग्रजीतून झाले. राष्ट्रीय पातळीवरील केंद्राला ते अपरिहार्यही होते. परंतु ज्या वर्गाविषयी हे अध्ययन असते, तो वर्ग गुजराती किंवा मराठी बोलतो. संशोधक गुजराती मुलाला गुजरातीत प्रश्न विचारतो, उत्तर इंग्रजीत नोंदवितो आणि निष्कर्ष त्या मुलाच्या शिक्षकापर्यंत पोहोचतच नाहीत. देशी भाषेतून शास्त्रीय काम करता येते, याची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात धारवाडकडे बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. फ्रान्समधील मुलासाठी केलेला प्रश्न आपल्या मुलाला जसाच्या तसा विचारून चालत नाही. शब्द, चित्र, नाणे, नाते सारे बदलावे लागते. ही चाचणी 'बिने-कामत' या नावाने पुढे कित्येक दशके वापरली गेली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरात बालशिक्षणाचे काम केले आणि 'शिक्षणपत्रिका' गुजरातीबरोबर मराठीतूनही चालविली. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे केले, ते कोणत्याही प्रबंधापेक्षा कमी शास्त्रीय नव्हते. गुजराती आणि मराठी यांच्यामधला हा पूल एका शिक्षिकेने बांधला होता.

१ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन बडोदे गुजरातेत आले. ते न्याय्यच होते. येथील बहुसंख्य प्रजेची भाषा गुजरातीच होती. तथापि ज्या शहरात शंभर वर्षे मराठी ही दरबाराची, कचेरीची आणि शाळेची एक भाषा होती, तेथे ती हळूहळू घरातली भाषा झाली. मराठी माध्यमाच्या शाळांची संख्या घटत गेली. आईवडील मुलांना प्रथम गुजराती व पुढे इंग्रजी शाळांत घालू लागले. या बदलाचा अभ्यास शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावा, हे स्वाभाविक आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा का मिटतात, तेथील शिक्षकांचे पुढे काय होते, घरी मराठी व वर्गात दुसरी भाषा असलेले मूल वाचावयास कसे शिकते, हे प्रश्न बडोद्याइतके दुसऱ्या कोणत्या शहरात हाताशी आहेत?

दुसरा प्रश्न पदवीच्या उपयोगाचा. एम.एड. झालेला शिक्षक बहुधा शाळेत राहत नाही. तो अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक होतो. नियमांची रचनाच तशी आहे. त्या पदवीवाचून तेथे प्रवेश नाही, आणि शाळेत मात्र ती पदवी असल्या-नसल्याने फारसा फरक पडत नाही. परिणामी ज्याने वर्गाचा सर्वांत खोलवर अभ्यास केला, तोच वर्गापासून सर्वांत दूर जातो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार २०१५-१६ पासून एम.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा करण्यात आला. अभ्यासाला अधिक अवधी मिळाला हे खरे. परंतु नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या शिक्षकाला, विशेषतः शिक्षिकेला, दोन वर्षे बाजूला काढणे किती कठीण, याचाही विचार व्हावयास हवा होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षक-शिक्षणाची पुन्हा फेररचना सुरू झाली. अवधी किती असावा, यावर पुष्कळ चर्चा होते. पदवी मिळविलेला शिक्षक परत शाळेत कसा राहील, यावर मात्र क्वचितच होते.

अमरेलीच्या दहा गावांतून निघालेली वाट प्रगत अध्ययन केंद्रापर्यंत पोहोचली, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु वाट दोन्ही दिशांनी चालावयाची असते. केंद्रातले ज्ञान परत गावच्या शाळेत गेले, तरच आरंभीच्या हेतूचे सार्थक झाले असे म्हणता येईल. आंबेडकरांना या शहराने दिलेला अनुभव आणि अंत्यज शाळांना न मिळालेले शिक्षक हे एकाच रोगाची लक्षणे होती. ज्ञान समाजात उतरले नाही, तर ते पदवीच्या कागदावर राहते.

येथे ग्रंथालयाचे कार्य सुरू होते. विद्यापीठातील लघुप्रबंध विद्यापीठाच्या कपाटात राहतात. ते वाचावयास शाळेतला शिक्षक जात नाही. तो जातो तो आपल्या पेठेतल्या ग्रंथालयात, संध्याकाळी, वर्तमानपत्र चाळावयास आणि घरच्यांसाठी कादंबरी बदलावयास. त्याच टेबलावर त्याला आपल्या शहरातील शाळांविषयी, आपल्या भाषेत लिहिलेले काही सापडले तर तो ते वाचील. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी अभ्यास करणाऱ्या आपल्या तरुण सभासदांनी आपल्या लघुप्रबंधाचा दहा-पंधरा पानांचा मराठी सारांश ग्रंथालयास द्यावा, ग्रंथालयाने तो जपून ठेवावा आणि वर्षातून एकदा त्यावर शिक्षकांची बैठक घडवून आणावी, अशी सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. तसेच बंद पडलेल्या मराठी शाळांची हजेरीपत्रके, जुनी क्रमिक पुस्तके, वार्षिक अहवाल आणि निवृत्त शिक्षक-शिक्षिकांच्या आठवणी जेथे जेथे शिल्लक असतील तेथून त्या मिळवाव्यात. घराची साफसफाई करताना आपण जे रद्दीत घालतो, ते उद्याच्या संशोधकाचे साधन असते. या कामास मोठा निधी लागत नाही; एक कपाट, एक नोंदवही आणि चिकाटी असलेले दोन कार्यकर्ते लागतात.

सयाजीराव महाराजांनी गावाला सांगितले होते की, तुम्ही तिसरा हिस्सा उभा करा, उरलेले दोन आम्ही घालू. आज तसे सांगणारे राज्य नाही. परंतु विद्यापीठ आहे, शिक्षक आहेत आणि शंभर वर्षे टिकून राहिलेले हे ग्रंथालय आहे. आपला पहिला हिस्सा आपण उभा करावयास हरकत नाही.